सेरोटोनिनला ‘हॅपी हार्मोन’ म्हणून मोकळे होऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य पुरवण्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून सेरोटोनिनची ओळख दोनच शब्दांत उरकली जाते: ‘हॅपी हार्मोन’. केळी खा, उन्हात बसा, सेरोटोनिन वाढेल, भीती पळेल. भीतीच्या आठवणींच्या बाबतीत हा हिशेब नुसता अपुरा नाही, तो कधी कधी चक्क उलटा पडतो. सेरोटोनिन वाढल्यावर भीती वाढूही शकते. ते मेंदूच्या कुठल्या भागात, कुठल्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या रेणूवर) बसले आणि औषधाचा कितवा दिवस आहे, यावर सगळे अवलंबून असते. चिंतेवरची, सेरोटोनिन वाढवणारी गोळी सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ‘आणखीच धडधडतंय’ म्हणून ती बंद करणारे पेशंट काही कमी नाहीत. ‘हॅपी हार्मोन’ वाचून आलेल्या माणसाला या धडधडीचा अर्थच लागत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी केळ्याचे पाहू. केळ्यात सेरोटोनिन असते हे खोटे नाही, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी ते ओलांडत नाही. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि तिथली कामे करते. मेंदू आपल्यापुरते सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतो. त्यासाठी तो जे विकर (एन्झाइम) वापरतो ते आतड्यातल्या विकरापेक्षा वेगळे आहे, हे २००३ साली कळले. त्यामुळे रक्तातल्या सेरोटोनिनच्या आकड्यावरून मेंदूतल्या सेरोटोनिनचा अंदाज बांधता येत नाही. अशी तपासणी ‘डिप्रेशन टेस्ट’ म्हणून कोणी सुचवली तर पैसे वाचवावेत.

मेंदूच्या खोडात, मध्यरेषेला लागून, राफे नावाचे पेशींचे पुंजके आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि त्यांपैकी सेरोटोनिन बनवणाऱ्या जेमतेम काही लाख. पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पोहोचतात. भीती शिकणारा अमिग्डला, जागेची आठवण ठेवणारा हिप्पोकॅम्पस, भीतीला आवर घालणारा कपाळामागचा भाग, सगळीकडे सेरोटोनिन सुटते. मग प्रत्येक ठिकाणी परिणाम वेगळा का? स्वारगेटच्या स्टँडवर घोषणा एकच होते. साताऱ्याचा प्रवासी पिशव्या उचलून धावतो, बारामतीचा बसून राहतो. ऐकणारा कोण, हे महत्त्वाचे. सेरोटोनिन ऐकणारे १४ प्रकारचे रिसेप्टर माहीत आहेत, सात कुळांत विभागलेले. १ए हा रिसेप्टर बहुधा पेशीला शांत करतो. २ए आणि २सी तिला चेतवतात. ३ क्रमांकाचा रिसेप्टर म्हणजे थेट आयनांचे दार, ते क्षणार्धात उघडते. यांची पूर्ण नावे ‘५-एचटी’ने सुरू होतात, पण इथे एवढे अंक पुरेत.

आता हे सगळे मोजतात कसे, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. उंदराला जाळीच्या लोखंडी तळाच्या पेटीत दोन-तीन मिनिटे रुळू देतात. मग साधारण ३० सेकंद सूर वाजतो आणि शेवटच्या सेकंदाला पायांना सौम्य विजेचा झटका बसतो, बहुधा ०.५ ते १ मिलिॲम्पिअर. असे तीन ते पाच वेळा झाले की दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकूनही उंदीर थिजतो. श्वासाखेरीज अंगाची काहीच हालचाल नाही. सुराच्या ३० सेकंदांपैकी तो किती वेळ थिजला, हे टक्क्यांत मोजतात. नंतर वेगळ्या पेटीत हाच सूर २०-३० वेळा, झटक्याशिवाय वाजवतात. थिजणे हळूहळू उतरते. यालाच मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘विलोपन’ म्हणतात.

हा शब्द मात्र घात करणारा आहे. विलोपन म्हटले की आठवण लोपली, पुसली गेली असे वाटते. तसे काही होत नाही, हे खुद्द पावलोव्हच्याच लक्षात आले होते: काही काळ जाऊ दिला की विझलेली प्रतिक्रिया आपोआप परत येते. भीती कमी करण्याचा धडा ज्या पेटीत दिला ती सोडून दुसऱ्या पेटीत सूर वाजवला तरी भीती परत येते. मधेच एखादा झटका, सुराशिवाय, नुसताच बसला तरीही परत येते. म्हणजे जुनी आठवण जागच्या जागी असते. तिच्यावर ‘आता हा सूर धोक्याचा नाही’ अशी दुसरी, नवी आठवण बसलेली असते आणि ती जागेला, वेळेला, परिस्थितीला फार चिकटून असते. मिलाद आणि क्वर्क यांनी २००२ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की रॅट जातीच्या उंदरांत ही दुसरी आठवण उपयोगात येते तेव्हा कपाळामागच्या इन्फ्रालिंबिक भागातल्या पेशी सुराला प्रतिसाद देऊ लागतात. धडा घेताना त्या गप्प असतात. दुसऱ्या दिवशी आठवण काढताना बोलतात. ‘विलोपन’ऐवजी ‘भीती निवणे’ म्हटले तर सामान्य वाचकाला जास्त बरोबर कळेल, असे आम्हाला वाटते. निवलेला निखारा फुंकर घातल्यावर फुलतो हे घराघरात माहीत आहे.

या दोन आठवणींच्या रस्सीखेचीत सेरोटोनिन कुणाची बाजू घेते? दोघांचीही.

सगळ्यात स्पष्ट पुरावा २सी रिसेप्टरचा आहे. नैराश्य आणि चिंतेवर देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या (एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन) सुटलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेण्याची वाट अडवतात, त्यामुळे ते पेशींच्या फटीत जास्त वेळ राहते. न्यूयॉर्क विद्यापीठात बर्गहार्ट, लेडू आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सिटॅलोप्रामचा एकच डोस दिला तेव्हा भीती उतरण्याऐवजी वाढली. तेच औषध तीन आठवडे रोज दिल्यावर उंदीर भीती कमी शिकले. पुढे २००७ साली त्यांनी दाखवले की २सी रिसेप्टर आधीच बंद केला तर पहिल्या डोसची ही वाढीव भीती दिसत नाही. ३ क्रमांकाचा रिसेप्टर बंद करून मात्र उपयोग झाला नाही. २०१६ साली ‘नेचर’मधल्या एका अभ्यासात हा मार्ग आणखी उलगडला: राफेपासून निघालेले सेरोटोनिन अमिग्डलाच्या शेजारच्या बीएनएसटी नावाच्या भागात, २सी रिसेप्टरमार्फत, ताणाचा संदेश देणाऱ्या पेशींना जागे करते. फ्लुओक्सेटिनच्या पहिल्या डोसाने उंदीर जास्त भितात, ते याच वाटेने.

पेशंटची पहिल्या आठवड्यातली धडधड कुठून येते, याचा अंदाज इथे बांधता येतो. उंदीर आणि माणूस यांच्यात अंतर आहेच, पण डॉक्टर मंडळींचा अनुभव आणि हे प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात. भीतीच्या झटक्यांच्या आजारात सर्ट्रालिन ५० ऐवजी २५ मिलिग्रॅमने, एस्सिटॅलोप्राम १० ऐवजी ५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवडाभराने वाढवायची पद्धत आहे, ती उगाच नाही.

१ए रिसेप्टरची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, कारण तो दोन ठिकाणी दोन कामे करतो. राफेतल्या पेशींच्या स्वतःच्या अंगावर तो असतो तेव्हा ब्रेकचे काम करतो: सेरोटोनिन वाढले की राफेचा वेग कमी. गोळीने सेरोटोनिन वाढते, ब्रेक लागतो, आणि सुरुवातीचे दिवस बराचसा परिणाम एकमेकांत जिरून जातो. दोन-तीन आठवड्यांत हा ब्रेक बोथट होतो. एसएसआरआयचा गुण यायला वेळ लागतो त्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते. तोच रिसेप्टर हिप्पोकॅम्पसमध्ये आणि अमिग्डलामध्ये ऐकणाऱ्या पेशीवर असतो तेव्हा तिला शांत करतो. हा रिसेप्टर मुळातच नसलेले उंदीर १९९८ साली तीन वेगवेगळ्या गटांनी तयार केले. तिन्हीकडे ते जास्त चिंताग्रस्त निघाले. बस्पिरोन हे चिंतेवरचे जुने औषध याच रिसेप्टरला अर्धवट चेतवते.

२ए रिसेप्टरवर सध्या जगाचे लक्ष आहे, कारण सायलोसायबिन, एलएसडी यांच्यासारखी भास घडवणारी द्रव्ये प्रामुख्याने त्याच्यावर काम करतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तो चेतवल्यावर माउस जातीच्या उंदरांत भीतीची आठवण पक्की व्हायलाही मदत झाली आणि ती निवायलाही. वेळ कोणती साधली यावर निकाल फिरतो, आणि बातमीत नेमके हेच गाळले जाते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट सेरोटोनिनवर दीर्घकाळ काम करत आहे. डीओआय हे २ए चेतवणारे द्रव्य उंदरांची चिंता कमी करते त्यात हिप्पोकॅम्पसच्या खालच्या टोकाकडच्या एका विशिष्ट प्रकारच्या पेशींचा वाटा असतो, हे त्यांनी २०२४ साली ‘न्यूरॉन’मध्ये मांडले. तो अभ्यास चिंतेवरचा आहे, भीती निवण्यावरचा नाही. दोन्ही एकच समजून मथळे देऊ नयेत. एमडीएमएबद्दलही (नशेसाठी ‘एक्स्टसी’ नावाने विकले जाणारे द्रव्य) सरसकट मथळे नकोत. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून काही मानसोपचारतज्ज्ञांना ते आघातोत्तर ताणविकारासाठी (पीटीएसडी) लिहून द्यायची मुभा दिली, तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारून आणखी चाचणी मागितली. आपल्याकडे ही द्रव्ये अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. एसएसआरआय चालू असताना एमडीएमए घेतले तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जिवावर बेतू शकते. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबाबतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोडी लावू नये. ताप, हातपाय थरथरणे, घाम, जुलाब, गोंधळलेपण एकत्र दिसले तर थेट दवाखाना गाठावा.

३ क्रमांकाच्या रिसेप्टरबद्दल एकच वाक्य: तो नसलेल्या उंदरांना भीती शिकता येते पण नीट निवत नाही, असे २०१४ साली जपानमध्ये दिसले आहे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. दीर्घकाळ एसएसआरआय घेतल्याने भीती निवणे सोपे होते की अवघड? बर्गहार्ट यांच्याच २०१३ च्या अभ्यासात २२ दिवस सिटॅलोप्राम घेतलेले उंदीर भीती निवण्याचा धडा नीट शिकले नाहीत. ९ दिवस घेतलेल्यांना अडचण आली नाही. शिकण्यासाठी लागणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचा एक घटक २२ दिवसांवाल्यांच्या अमिग्डलात कमी झाला होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०११ साली, हेलसिंकीच्या गटाने ‘सायन्स’मध्ये अगदी वेगळा निकाल दिला होता: पिण्याच्या पाण्यातून फ्लुओक्सेटिन दिलेल्या उंदरांना धडाही दिला तेव्हा भीती गेली आणि परत आली नाही. नुसते औषध किंवा नुसता धडा पुरला नाही. माणसांत, निरोगी पुरुषांना दोन आठवडे एस्सिटॅलोप्राम देऊन केलेल्या एका प्रयोगात भीती लवकर निवली. हे सगळे खरे असू शकते. औषध वेगळे, उंदराची जात वेगळी, दिवस वेगळे, चाचणीच्या वेळी औषध अंगात होते की नव्हते हेही वेगळे.

प्रयोगशाळेत कुठे पाय घसरतो तेही वाचकांना कळले पाहिजे, कारण ‘संशोधनात सिद्ध’ या दोन शब्दांमागे हे सगळे लपते. सेरोटोनिनवरची कित्येक द्रव्ये उंदराला सुस्त करतात. सुस्त उंदीर आणि थिजलेला उंदीर कॅमेऱ्याला सारखाच दिसतो. म्हणून सूर वाजण्यापूर्वीची हालचाल वेगळी मोजावी लागते. काही द्रव्यांनी वेदनाच कमी होते, मग झटका कमी लागला म्हणून भीती कमी शिकली, आठवणीशी संबंध नाही. काही माद्या थिजण्याऐवजी सुसाट धावतात; थिजणेच मोजत बसलो तर त्या ‘निर्भय’ ठरतात. दुसऱ्या दिवशीची पेटी वेगळी हवी म्हणून भिंती बदलतात, तळ बदलतात, पण पुसायला तेच अल्कोहोल वापरले तर वासामुळे उंदराला ती जुनीच पेटी वाटते. आणि डोस: १ए वरचे ८-ओएच-डीपीएटी हे द्रव्य कमी मात्रेत मुख्यतः राफेचा ब्रेक दाबते, जास्त मात्रेत पुढच्या पेशींवरही काम करते, शिवाय ७ क्रमांकाच्या रिसेप्टरलाही चिकटते. दोन शोधनिबंध परस्परविरोधी वाटले की आधी मिलिग्रॅम बघावेत.

आता उंदरावरून माणसावर येऊ. कुत्रा चावल्यावर (इंजेक्शने वेळेवर पूर्ण केली, जखम भरली) एखाद्याला गल्लीतून जायची भीती बसली, असे धरू. भीतीला ० ते १०० गुण द्यायला सांगतात. चाळीसच्या आसपासच्या पायरीपासून सुरुवात: समजा, ओळखीच्या घरातला, लस टोचलेला, बांधलेला कुत्रा, दहा फुटांवरून. आधी लिहायचे, ‘काय होईल असं वाटतं?’ मग ३०-४५ मिनिटे तिथेच थांबायचे आणि नंतर काय झाले ते शेजारी लिहायचे. शिखरावर असताना पळ काढला तर मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच शिकतो. त्याच कुत्र्यावर, त्याच अंगणात दहा वेळा सराव केला तर तो त्या अंगणापुरताच राहतो. वर सांगितलेली दुसरी पेटी आठवा. म्हणून कुत्रे बदलायचे, गल्ली बदलायची, सकाळ-संध्याकाळ बदलायची, सोबतीने आणि मग एकट्याने. हातात काठी, खिशात ‘लागलीच तर’ म्हणून गोळी, हे सगळे टप्प्याटप्प्याने सोडायचे. सहा महिन्यांनी अचानक एखादा कुत्रा अंगावर भुंकला आणि भीती परत आली तर उपचार वाया गेला असे समजू नये. हे अपेक्षित आहे, दोन-तीन सरावांत ती पुन्हा उतरते. अपघात, अत्याचार, हल्ला यांच्या आघातावर मात्र हे घरी करू नये. तिथे प्रशिक्षित व्यक्तीबरोबर साधारण ९० मिनिटांची ८ ते १५ सत्रे लागतात.

आणि ती खिशातली गोळी. आपल्याकडे एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकाच गोळीत मिळते आणि भरपूर खपते. सुरुवातीची धडधड दाबायला थोडे दिवस ती उपयोगी पडते, हे मान्य. पण क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गटातल्या गोळ्या भीती निवण्याच्या शिक्षणात खो घालतात. १९९३ साली लंडन आणि टोरंटो इथे १५४ पेशंटवर झालेल्या अभ्यासात अल्प्राझोलामबरोबर सराव केलेल्यांची सुधारणा गोळी थांबल्यावर टिकली नाही. गोळीविना सराव केलेल्यांची टिकली. १९९७ सालचा एक छोटा प्रयोग आणखी बोलका आहे. विमानाला घाबरणाऱ्या २८ स्त्रियांपैकी काहींनी पहिल्या उड्डाणाआधी अल्प्राझोलाम घेतली आणि त्यांना त्या दिवशी बरे वाटले. आठवड्याने गोळीशिवाय उडाल्या तेव्हा त्यांची चिंता आणि नाडी दोन्ही वाढली. ज्यांनी पहिल्यांदाही खोटी गोळी घेतली होती त्यांना तुलनेने सोपे गेले. त्यामुळे जोडगोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर ‘यातली क्लोनाझेपाम कधी आणि कशी कमी करायची?’ हा प्रश्न पेशंटने डॉक्टरांना विचारावा. एकदम बंद करू नये. दीर्घ वापरानंतर एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते. एसएसआरआयही एकदम बंद करू नयेत. पॅरोक्सेटिन अंगातून लवकर उतरते, म्हणून चक्कर आणि डोक्यात विजेसारख्या सणका तिच्या बाबतीत जास्त. फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळते, त्यामुळे ती सुटायला सोपी. २५ वर्षांखालच्या पेशंटमध्ये पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

आपल्याकडे विनंती एवढीच, की मेंदूतल्या सेरोटोनिनला ‘संप्रेरक’ न म्हणता ‘चेतापारेषक’ (चेतापेशींमधला निरोप्या) म्हणावे. उंदरांवरच्या प्रयोगाची बातमी देताना उंदीर हा शब्द मथळ्यात असावा आणि औषध किती दिवस दिले ते पहिल्या परिच्छेदात. आणि अशा मजकुराखाली केळ्याच्या फोटोऐवजी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापावा. तिथे मराठीतही बोलता येते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मेंदूविज्ञान आणि मानसोपचार या विषयांचे काही अभ्यासक